हातकागदाचं आवतण

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहा वाजता आमच्या ऑफिसच्या प्रिंटरने घशात घास अडकल्यासारखा आवाज काढला आणि मान टाकली. आत अडकला होता माझ्या आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमंत्रणाचा पहिला नमुना. मस्त खरखरीत, दुधाळ रंगाचा, कडा फाटल्यासारख्या असलेला, २०० जीएसएमचा हॅण्डमेड कागद... अर्धा प्रिंटरच्या पोटात, अर्धा बाहेर! अॅडमिनचा माणूस आला. त्याने एकदा कागदाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि शांतपणे विचारलं, ‘‘मॅडम, हा कागद आहे की पापड?’’

तर मंडळी, धडा पहिला. हातकागद ऑफिसच्या लेझर प्रिंटरमध्ये घालायचा नाही. वीकएण्डला कोणी नसताना तर अजिबातच नाही. या कागदाची जाडी सगळीकडे सारखी नसते, कडांचे तंतू सुटतात, रोलरला ते झेपत नाही. आणि समजा कागद सुखरूप बाहेर आलाच, तरी टोनर फक्त उंचवट्यांवर बसतो, खळग्यांत पोचतच नाही. माझ्या आजीच्या नावातली वेलांटी अशीच गायब झाली होती. नावाचा हा विषय पुढे बराच चिघळला. पण ते ओघाने येईलच.

आमच्या आजीला ८१वं लागलं. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस, म्हणजे हजार पौर्णिमा बघायला साधारण ८० वर्षं १० महिने लागतात. (मी एक्सेलमध्ये काढून बघितलं. एवढा उपयोग तर व्हायलाच हवा नोकरीचा!) डोंबिवलीच्या काकांचा आग्रह होता, की मागे बासरी वाजतेय, फुलं पडताहेत, असं व्हिडीओ-निमंत्रण करायचं आणि सगळ्या ग्रुप्सवर टाकून मोकळं व्हायचं. आजीने तो नमुना शेवटपर्यंत बघितला, फोन परत दिला आणि म्हणाली, ‘‘छान आहे. पण मला द्यायला जायचंय गं लोकांकडे. हातात काय देऊ, फोन?’’

झालं! त्या दिवसापासून मी कार्डवाली झाले.

शिवाजीनगरचा कागद

पुण्यात राहून हातकागदासाठी जयपूरहून पार्सल मागवणं म्हणजे चितळ्यांच्या दुकानासमोर उभं राहून बाकरवडीची ऑनलाइन ऑर्डर देण्यासारखं आहे. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. महात्मा गांधींनी १९३४ मध्ये वर्ध्याला ग्रामोद्योग संघ काढला, तेव्हा मरू घातलेल्या ज्या धंद्यांना पुन्हा उभं करायचं ठरलं त्यात हातकागदही होता. आणि मरू घातलेला म्हणजे मूळचा इथलाच बरं का! जुन्नरचा कागद, दौलताबादचा कागद ही एके काळची नावाजलेली नावं. मोडीतली जुनी दफ्तरं अशाच हाताने केलेल्या, खळ लावून दगडाने घोटलेल्या कागदांवर लिहिलेली आहेत. दौलताबादजवळच्या एका गावाचं नावच कागजीपुरा. आपण मात्र ‘हॅण्डमेड’ म्हटलं की राजस्थानी हत्ती छापलेली डायरी डोळ्यांपुढे आणतो.

आता हा कागद होतो कशाचा? झाडाचा नाही, आपल्या टी-शर्टांचा! होजिअरीच्या कारखान्यांतून कापल्यानंतर उरलेल्या सुती चिंध्या येतात. त्यांचे बारीक तुकडे करायचे, पाण्यात घालून मशीनमध्ये कुटून कुटून त्यांचा लगदा करायचा. लगदा पाण्याच्या टाक्यात सोडायचा, जाळीचा साचा आत बुडवून सपाट वर उचलायचा. पाणी गळून जातं, जाळीवर तंतूंची साय राहते. ती कापडावर उपडी करायची, थरांवर थर रचून प्रेसमध्ये दाबायचं आणि मग दोरीवर कपड्यांसारखं वाळत घालायचं. टी-शर्ट शेवटी पुन्हा दोरीवर आलाच म्हणायचा. सुताचे तंतू लांब आणि चिवट असतात, शिवाय हा कागद वर्तमानपत्रासारखा वर्षभरात पिवळा पडून कुरकुरीत होत नाही. आजीला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘‘म्हणजे जुनेऱ्याचंच झालं की हे. आमच्याकडे गोधडी व्हायची.’’

विकत घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, याला खळ आहे का? खळ नसलेल्या कागदावर शाई फुटते, म्हणजे टीपकागदावर फुटावी तशी चहूकडे पसरते. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघायचा. तो गोटीसारखा बसून राहिला तर छपाईला, लिहायला कागद चालेल. लगेच प्यायला गेला, तर त्या कागदाचे आकाशकंदील करा.

आधी पाकीट!

माझ्या मैत्रिणीने तिच्या गृहप्रवेशाला सुंदर चौकोनी कार्डं केली होती. हाताने शिवलेली वगैरे. मग त्या मापाचं पाकीट अख्ख्या आप्पा बळवंत चौकात मिळेना. शेवटी पाकिटं बनवून घेतली, ती कार्डांपेक्षा महाग पडली. तेव्हा उलटं चाला. आधी तयार पाकीट पसंत करा आणि त्याच्यापेक्षा दोन्ही बाजूंनी पाव इंच कमी असं कार्ड ठरवा. मी सव्वापाच बाय सव्वासातची पाकिटं घेतली, म्हणजे कार्ड पाच बाय सात इंचाचं, मधे घडी घातलेलं.

हातकागदाचा मोठा ताव बहुतेक २२ बाय ३० इंचांचा असतो. आपलं कार्ड उघडल्यावर दहा बाय सात. २२ इंचांत सात-सातचे तीन, ३० इंचांत दहा-दहाचे तीन, म्हणजे एका तावात नऊ कार्डं. मला ६५ हवी होती, आठ ताव घेतले, ७२ झाली. सात वाया जायला मोकळी. (वाया गेली नऊ. एकावर चहा सांडला, बाकीची पुढे कळतीलच.)

कागद कात्रीने कापू नका हो! त्याची सगळी मजा त्या पिसाटलेल्या कडेत आहे. स्टीलची पट्टी ठेवायची, पट्टीच्या कडेने ओल्या ब्रशने दोन-तीनदा रेघ मारायची, मिनिटभर थांबायचं आणि कागद हळूच बाजूला ओढायचा. तंतू ताणले जातात आणि कारखान्यातल्यासारखी कड येते. घडी घालायच्या आधी रिकामं बॉलपेन पट्टीला लावून घडीच्या जागी एक खोल रेघ ओढायची, नाहीतर जाड कागद घडीवर फुगतो. आणि चिकटवायला पातळ गोंद नको, कागदाला पाणी लागलं की तो पोचे धरतो. दोन्हीकडून चिकटणारी टेप घ्या. पंधरा मिनिटं वाचतात आणि बोटंही.

रंगाच्या बाबतीत माझं मत विचाराल तर कमीत कमी. कागद स्वतःच एवढा बोलतो की त्याच्यावर सोनेरी गणपती, मोती, रेशमी गोंडा आणि मोरपीस असं सगळं चढवलं तर नवरीच्या अंगावर सगळ्या आत्यांचे दागिने घातल्यासारखं दिसतं. एक रंग, एक चित्र, बास. मी गडद निळा रंग घेतला आणि वर उजव्या कोपऱ्यात एक रिकामा गोल. चंद्र!

आता ते सीड पेपरचं. बिया घातलेला कागद, समारंभ झाला की कुंडीत पुरायचा आणि तुळस उगवायची. कल्पना झकास आहे, डोहाळजेवणाला तर फारच छान. फक्त बी बारीक आणि ताजं हवं, आणि कागद इस्त्रीने वाळवला तर बी मेलंच म्हणून समजा. पण मी आजीला विचारलं तर ती म्हणाली, ‘‘माझं नाव लिहिलेला कागद आत्ताच मातीत कशाला पुरताय?’’ विषय संपला.

‘त’ने केला घात

प्रिंटरने हात वर केल्यावर स्क्रीन प्रिंटिंग हाच मार्ग होता. हातकागदाला तेच शोभतं. मजकूर काळ्या अक्षरांत ट्रेसिंग पेपरवर काढायचा, त्यावरून ताणलेल्या जाळीवर ‘स्क्रीन’ तयार होतो, आणि मग रबरी पट्टीने जाळीतून शाई कागदावर ओढतात. शाई दाट असते, खळग्यांत नीट बसते. एका रंगाला एक स्क्रीन, त्यामुळे रंग वाढले की बिल वाढतं. आणि देवनागरीत अनुस्वार, उकार, वेलांट्या नाजूक असतात. चौदा पॉइंटपेक्षा लहान टाइप नको, नाहीतर ‘आनंद’चा ‘आनद’ होतो.

नारायण पेठेतल्या स्क्रीनवाल्यांना मी मजकूर मेल केला. हे निमंत्रण आजीच्याच तोंडी होतं, कारण ‘आमच्या मातोश्रींच्या’ वगैरे भाषा तिला नको होती. ‘हजार पौर्णिमा बघून झाल्या, पुढची तुमच्याबरोबर बघायची आहे, जेवायलाच या’ अशा अर्थाचं. वर मोठ्या अक्षरांत समारंभाचं नाव. पहिली आठ कार्डं छापून मी मोठ्या झोकात घरी आणली. आजीने चष्मा लावला. ती २९ वर्षं शाळेत मराठी शिकवत होती. तिने टेबलावरची लाल पेन्सिल उचलली आणि माझ्या हॅण्डमेड, स्क्रीन प्रिंटेड, डिझायनर कार्डावर एक गोल काढला.

‘‘सहस्त्र?’’

‘‘काय चुकलं?’’

‘‘त कुठून आणलास? सहस्र. स-ह-स्र. स ला र. हजार पौर्णिमा बघितल्या आणि घरात एकाला हजार हा शब्द लिहिता येत नाही.’’

तुम्हीही आत्ता तपासून बघा, तुमच्या घरातल्या किती पत्रिकांवर हा ‘त’ ठाण मांडून बसलाय! त्याच्या जोडीला ‘आर्शिवाद’ असतोच. मजकूर छापायला देण्याआधी घरातल्या सगळ्यात खडूस माणसाला वाचायला द्या. छापल्यानंतर तो वाचणारच आहे.

म्हणजे नवा स्क्रीन. नवे पैसे. मी तोंड पाडून बसले होते, तेव्हा आजी अगदी सहज, भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘‘नवीन करतेच आहेस तर नावही बदल.’’

‘‘कोणाचं?’’

‘‘माझं.’’

तांदळातलं नाव

१९६३ साली आजीचं लग्न झालं. ताटात तांदूळ पसरले, आजोबांनी अंगठीने त्यात नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. एकोणीस वर्षं जे नाव होतं ते त्या संध्याकाळी संपलं. सासरचं नाव देवीचं आहे, माहेरचं फुलाचं होतं. शाळेच्या मस्टरवर, पेन्शनच्या पुस्तकात, आधार कार्डावर, आमच्या सगळ्यांच्या तोंडी सासरचंच. माहेरची माणसं एकेक करत गेली. जुन्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नाही.

मी २७ वर्षं या बाईच्या मांडीवर, पाठीवर, डोक्यावर वाढले. मला हे नाव माहीत नव्हतं. बाबांना ‘काहीतरी होतं’ एवढं आठवत होतं.

‘‘नाव काही वाईट नव्हतं गं,’’ आजी म्हणाली. ‘‘तुझ्या आजोबांनी प्रेमानेच ठेवलं. पण मला कोणी विचारलं नाही. सगळे ताटात बघत होते, मीही बघत होते. मला वाटलं, बघू या काय निघतंय!’’

आणि ती हसली. मला काही हसू आलं नाही.

काकांना फोन केला आणि ठिणगी पडली. ‘‘लोकांना कळणार तरी आहे का कोणाचं कार्ड आलंय ते? माझ्या ऑफिसातल्या लोकांना मी काय सांगू, ही कोण? आणि अण्णांनी ठेवलेलं नाव आहे ते. ते आज असते तर त्यांना काय वाटलं असतं?’’ काका चिडले की बाबा गप्प होतात, ही आमच्या घरची जुनी पद्धत. मी म्हटलं, ‘‘काका, अहो आजीचाच समारंभ आहे ना?’’ तर म्हणाले, ‘‘तू लहान आहेस.’’ अडीच वर्षांचं होम लोन फेडतेय मी, पण ते जाऊ दे.

खरं सांगायचं तर काकांचं सगळंच म्हणणं काही चूक नव्हतं. निमंत्रणाचं पहिलं काम कळवणं. कोण, कुठे, कधी, किती वाजता. पाकीट फोडून माणूस ‘ही कोण बुवा?’ म्हणत बसला तर कार्ड कितीही हटके असो, ते फसलं. दोन दिवस घरात याच्यावरच खल चालला होता. आजी त्यात नव्हती. ती म्हणाली होती, एकदाच. पुन्हा तिने विषय काढला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

मग डिझाइनमध्ये जागा शोधली. आतल्या छापील मजकुरात सासरचं नाव, सगळ्यांना माहीत असलेलं. आणि वर जो रिकामा चंद्र होता, त्याच्या जागी घरी केलेल्या कागदाचा एक छोटा गोल चिकटवायचा. त्यावर आजीच्याच अक्षरात तिचं पहिलं नाव.

मिक्सरची गोष्ट

तो गोल आजीच्या जुन्या सुती नऊवारीचा करायचा असं माझ्या डोक्यात आलं. फारच रोमॅंटिक! लुगड्याचे तुकडे भिजवले, मिक्सरमध्ये घातले, बटण दाबलं. कापड पात्याला गुंडाळलं, जळका वास आला आणि आई स्वयंपाकघरात आली. पुढचं लिहीत नाही. कापडाचा लगदा घरच्या मिक्सरमध्ये होत नाही, तिथे कारखान्यातलं कुटणारं यंत्रच लागतं. हा प्रयोग करू नका.

घरी होतो तो कागदाचा कागद. बिघडलेली ‘सहस्त्र’वाली आठ कार्डं (वाया गेलेली ती हीच!) आणि तावाची कात्रणं बारीक फाडून रात्रभर भिजवली. दुसऱ्या दिवशी मूठभर कागदाला भरपूर पाणी घालून मिक्सरमधून काढली. जुना मिक्सर, आणि तोही आईला विचारून. खळीसाठी आईने साड्यांना करते तशी साबुदाण्याची पातळ खळ करून दिली, ती दोन पळ्या लगद्यात घातली म्हणजे शाई फुटत नाही. लुगड्याचे निळे-हिरवे धागे उसवून अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे केले आणि मिक्सर थांबल्यावर हाताने मिसळले. त्याहून लांब ठेवले तर एकमेकांत गुंततात.

साचा म्हणजे फोटोफ्रेम, तिला मच्छरदाणीची जाळी ताणून ठोकलेली. टबात लगदा, फ्रेम आडवी आत घालायची, सपाट वर उचलायची आणि पाणी गळताना हलकेच इकडून तिकडे हलवायची. ही हलवण्याची युक्ती जमायला मला चार वेळा लागल्या. पहिला कागद एका बाजूला पुठ्ठा आणि दुसऱ्या बाजूला टिश्यू असा झाला होता. मग ओल्या पंचावर उपडा करायचा, वरून दुसरा पंचा, वर पोळपाट, आणि पोळपाटावर मी उभी. शेवटी खिडकीच्या काचेला चिकटवून वाळवला. काचेकडची बाजू छान गुळगुळीत होते, लिहायला तीच घ्यायची. उरलेला लगदा मात्र सिंकमध्ये ओतू नका, गाळून बाहेर काढा. प्लंबरचं बिल कार्डांच्या बजेटमध्ये धरलेलं नसतं.

झेंडूच्या पाकळ्याही थोड्या घातल्या. झेंडूचा रंग कागदात टिकतो. गुलाबाच्या नादी लागू नका, पाकळ्या तपकिरी पडतात आणि कागदावर चहाचे डाग पडल्यासारखं दिसतं.

नावासाठी आजीला काळं ड्रॉइंग पेन आणि पांढरा कागद दिला. तिने पहिल्यांदा लिहिलं आणि मधेच थांबली. ‘‘हात विसरला गं,’’ म्हणाली. मग अकरा वेळा लिहिलं. हात थोडा कापतो तिचा, पहिल्या अक्षराची दांडी दर वेळी हलायची. शेवटचं जरा बरं आलं, पण तिने सातवं निवडलं, ज्यात ती दांडी सगळ्यात जास्त हललीय. का, ते सांगितलं नाही.

ते घेऊन मी रबर स्टॅम्पवाल्याकडे गेले. ही माझी सगळ्यात आवडती टिप आहे. तुमचं, आईचं, कुणाचंही हस्ताक्षर द्या, त्याचा शिक्का करून मिळतो, स्क्रीनपेक्षा स्वस्तात, आणि तो आयुष्यभर राहतो. त्या भल्या माणसाने स्कॅन करून मोठं करून बघितलं आणि म्हणाला, ‘‘ताई, ही लाइन हलली आहे. कॉम्प्युटरवर सरळ करून देतो, चार्ज नाही.’’ मी म्हटलं, ‘‘राहू द्या.’’ म्हणाला, ‘‘फुकट आहे हो!’’ म्हटलं, ‘‘तरी राहू द्या.’’

खडबडीत कागदावर शिक्का अर्धवट उमटतो. खाली वर्तमानपत्राच्या चार घड्या ठेवा म्हणजे कागद जरा दबतो आणि शिक्का पुरता बसतो. शनिवारी रात्री आई, बाबा, कोल्हापूरहून आलेली आत्या आणि मी, असे चौघं जण डायनिंग टेबलवर गोल कापत, शिक्के मारत बसलो होतो. आत्याने एक गोल उचलून दिव्याखाली धरला. ‘‘मलाही दोन नावं आहेत हं,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या साठीला लक्षात ठेव.’’ बाबा एकदम मान वर करून तिच्याकडे बघायला लागले. त्यांनी तिला लहानपणापासून एकाच नावाने हाक मारलीय. तिचं दुसरं नाव सासरी.

काकांनी त्यांची दहा कार्डं मागून घेतली, चंद्र न लावता. आजी म्हणाली, ‘‘दे त्याला तशीच. त्याचीही आई आहे मी.’’ त्या दहा कार्डांवर रिकामा गोल आहे. तेही वाईट दिसत नाही, हे मान्य करावं लागेल.

पोस्टाची पेटी

पुण्यातली कार्डं आजी स्वतः देऊन आली, माझ्या स्कूटीवरून, अक्षता घेऊन, दर रविवारी सहा घरं. बाहेरगावची पोस्टाने. पोस्टात टाकायच्या आधी पूर्ण भरलेलं एक पाकीट वजन करून घ्या. आमचं कार्ड साधारण नऊ ग्रॅम, पाकीट सहा, चंद्र एक-दीड, म्हणजे साध्या पत्राचा पहिला २० ग्रॅमचा टप्पा ओलांडत नव्हतं. ३०० जीएसएमचा कागद घेतला असता तर ओलांडला असता. लाखेचा शिक्का, मोती, लाकडी काड्या असलं काही बाहेरून लावू नका, वाटेत पाकिटाचं काय होतं ते पाकीटच जाणे. बाकी जगाला कार्डाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. खिडकीतल्या तिरक्या उन्हात काढला, म्हणजे कागदाचा पोत दिसतो, वरून फ्लॅश मारला तर हातकागद आणि झेरॉक्सचा कागद सारखेच दिसतात.

एकूण खर्च, चुकलेला स्क्रीन धरून, एका कार्डाला ५२ रुपये पडला. बाजारातलं बरं तयार कार्ड एवढ्यातच येतं, त्यामुळे पैसे वाचवायला म्हणून यात पडू नका. आणि वेळ? पाच वीकएण्ड. तीस लोकांच्या वाढदिवसाच्या पार्टीला एकच साधं कार्ड आणि एक शिक्का केलात तर एका रविवारात होईल. दोनशे पानांच्या लग्नाला मात्र स्वतःच्या हाताने सगळं करायचं म्हणाल तर आधी नवऱ्या मुलाला विचारा, त्याला कात्री धरता येते का.

शेवटचं पाकीट आजीने स्वतः लिहिलं. वाईच्या शाळेतल्या एका मैत्रिणीला. साठ वर्षांत भेट नाही, ती हयात आहे की नाही माहीत नाही, तिच्या भावाचं घर गणपती आळीत होतं एवढंच आठवत होतं. पत्ता म्हणून तेच लिहिलं. ‘‘पोचलं तर पोचलं,’’ म्हणाली.

बारा दिवसांनी, रविवारी दुपारी, सगळे आडवे झालेले असताना बाबांचा मोबाइल वाजला. कार्डावर त्यांचाच नंबर आहे. त्यांनी झोपेतच उचलला, ऐकलं आणि म्हणाले, ‘‘नाही हो, या नावाचं इथे कोणी राहत नाही. राँग नंबर.’’ ठेवून दिला.

आतल्या खोलीतून आजीने विचारलं, ‘‘कोणाला विचारत होते रे?’’

बाबांनी ते नाव घेतलं, अर्धं. मग उठून बसले.

फोन पुन्हा वाजला. या वेळी कोणी उचलला नाही. बाबा तो दोन्ही हातांत धरून आजीच्या खोलीत गेले, मी त्यांच्यामागे. आजीने फोन कानाला लावला, आधी उलटा, मग सुलटा.

‘‘हो,’’ ती म्हणाली, ‘‘मीच बोलतेय.’’ आणि आम्हाला हाताने ‘बाहेर व्हा’ अशी खूण करून दार लोटून घेतलं.